एकाच भागातनं ६४ वर्षं निवडून आलेला अमेरिकेतला आमदार, फ्रेड रिसर. यानं नेमकं केलं काय?

भिलवडीकर_९४

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबडा आहे पण मनापासून विचारतोय, अमेरिकेतल्या राज्यांच्या राजकारणाबद्दल ज्यांना माहिती आहे त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

आमचं गाव भिलवडीजवळ, कृष्णेच्या काठाला. आजोबा आता ९५ च्या घरात आहेत. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीपासनं त्यांनी एकही मतदान चुकवलेलं नाही, लोकसभा असू दे, विधानसभा असू दे नाहीतर गावच्या सोसायटीची निवडणूक असू दे. २०२४ ला ८५ च्या वरच्या लोकांसाठी घरी येऊन मत घ्यायची सोय होती तर म्हणाले, मी काय अंथरुणाला खिळलोय का, मला शाळेत न्या. मग चुलत्यानं आणि मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोन्ही बाजूंनी धरून नेलं, आणि बोटाला शाई लागल्यावर ते बोट त्यांनी दिवसभर धोतराला लागू दिलं नाही.

त्यांना आता नीट दिसत नाही म्हणून रोज संध्याकाळी मी मोबाईलवरनं काहीतरी वाचून दाखवतो. परवा विस्कॉन्सिन राज्यातल्या फ्रेड रिसर नावाच्या माणसाबद्दल वाचलं. १९२७ चा जन्म, नोव्हेंबर १९५६ ला वयाच्या २९ व्या वर्षी पहिल्यांदा निवडून आला आणि जानेवारी २०२१ ला ९३ व्या वर्षी स्वतःहून थांबला. मधे एकदाही खंड नाही. अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांच्या विधिमंडळांच्या इतिहासात इतकी वर्षं कुणीच काढलेली नाहीत. दुसऱ्या महायुद्धात नौदलात होता, आणि त्या युद्धातला माणूस म्हणून देशातल्या कुठल्याही राज्याच्या सभागृहात सगळ्यात शेवटपर्यंत तोच राहिला. तो पहिल्यांदा सभागृहात बसला तेव्हा अमेरिकेत ४८ च राज्यं होती, अलास्का आणि हवाई १९५९ ला आली.

आजोबा ऐकता ऐकता म्हणाले, छप्पन सालचा नोव्हेंबर म्हंजे यशवंतराव द्वैभाषिकाचे मुख्यमंत्री झाले तोच महिना. मी बघितलं तर खरंच, यशवंतराव १ नोव्हेंबरला मुख्यमंत्री झाले आणि तिकडं मतदान ६ नोव्हेंबरला. म्हणजे आपला महाराष्ट्र व्हायच्या आधी हा माणूस निवडून आला होता. पुढच्या वर्षी आजोबा प्रतापगडच्या मोर्चाला गेले होते, पंडित नेहरू शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले होते तेव्हाचा, तोही विषय मग निघाला आणि तासभर तेच चाललं. पण झोपायच्या आधी त्यांनी मला परत हाक मारली आणि विचारलं, "आरं पर चौसष्ट वर्षं लोकांनी निवडून दिला म्हंजे त्यानं नेमकं केलं काय?"

मला काहीच सांगता आलं नाही. जे वाचलं त्यात सगळी वर्षांचीच मोजदाद होती. म्हणून इथं विचारतोय. तो आपल्या आमदारासारखाच का? एवढी वर्षं त्याचं तिकीट कुणी कापलं कसं नाही? वर दिल्लीला, म्हणजे वॉशिंग्टनला का नाही गेला? आणि एका माणसानं एवढा काळ एक जागा धरून ठेवणं हे लोकांच्या भल्याचं असतं का? आजोबांना सांगायचंय, त्यामुळं अंदाजे लिहू नका, पक्कं माहीत असेल तेच लिहा.

मेंडोटाकाठची

भिलवडीकर भाऊ, आधी आजोबांना माझा नमस्कार सांगा. मी मूळची फलटणची, दुग्धशास्त्र शिकायला मॅडिसनला आले आणि इथलीच झाले. मॅडिसन ही विस्कॉन्सिनची राजधानी आणि रिसरचा मतदारसंघ म्हणजे ह्या शहराचा मधला भाग, त्यामुळं बरंच सांगता येईल.

आधी तिकिटाचं सांगते कारण सगळ्याचं मूळ तिथं आहे. इथं विधिमंडळाची दोन सभागृहं, असेंब्लीत ९९ जण दोन वर्षांसाठी आणि सिनेटमध्ये ३३ जण चार वर्षांसाठी. पण सिनेट म्हणजे आपली विधान परिषद नव्हे, सिनेटरसुद्धा थेट लोकांच्या मतावरच निवडून येतो. रिसर आधी असेंब्लीत होता, मग १९६२ ला पोटनिवडणुकीतनं सिनेटमध्ये गेला आणि शेवटपर्यंत तिथंच बसला. आता उमेदवारी कोण देतं? आपल्याकडं मुंबईत नाहीतर दिल्लीत यादी निघते, रात्रभर लोक बंगल्याबाहेर उभे असतात. इथं ऑगस्टमध्ये पक्षाच्या उमेदवारीसाठीच वेगळं मतदान होतं, प्रायमरी म्हणतात, आणि विस्कॉन्सिनमध्ये तर त्यासाठी पक्षाचा सभासद असायचीही गरज नाही, कुठलाही मतदार जाऊन एका पक्षाच्या उमेदवारांतनं निवडू शकतो. म्हणजे तिकीट कापणारा कुणी साहेब नसतोच, कापलं तर लोकच कापणार. त्यामुळं माणसाला वर कुणाची मर्जी सांभाळावी लागत नाही, गल्लीतल्या लोकांची सांभाळावी लागते. पक्षांतरबंदीचा कायदा नाही, व्हीप मोडला म्हणून आमदारकी जात नाही.

दुसरी गोष्ट घराण्याची. हे आजोबांना नक्की सांगा. रिसरचे पणजोबा, आजोबा आणि वडील तिघंही ह्याच राज्याच्या विधिमंडळात होते. पणजोबांचा तर यादवी युद्धात एक हात गेलेला. पण चार पिढ्यांचे पक्ष चार, पणजोबा युनियनिस्ट, आजोबा रिपब्लिकन, वडील प्रोग्रेसिव्ह आणि हा डेमोक्रॅट. म्हणजे घराणं आहेच, नाही कसं म्हणणार, पण बापाचा पक्ष आणि बापाची माणसं आयती मिळाली असं नाही झालं.

आता केलं काय. माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे सिगरेटचा धूर. आज आजोबांना हे किरकोळ वाटेल, पण विस्कॉन्सिन म्हणजे बारचं राज्य, आपल्याकडं जशी पारावर माणसं जमतात तशी इथं कोपऱ्यावरच्या बारमध्ये जमतात, आणि तिथं धुरानं समोरचा माणूस दिसायचा नाही. रिसरनं बंद जागेत सिगरेट ओढण्यावर बंधन घालायचा विषय ऐंशीच्या दशकापासनं लावून धरला होता. आधी काही ठिकाणांपुरता कायदा झाला, मग परत मागणी, परत विरोध, तंबाखू कंपन्या एकीकडं आणि बारवाले एकीकडं. शेवटी २००९ ला राज्यपाल जिम डॉईल यांची सही झाली आणि ५ जुलै २०१० पासनं सगळी हॉटेलं, बार, कामाच्या जागा धूरमुक्त झाल्या. (इथला राज्यपाल आपल्यासारखा नेमलेला नसतो बरं का, निवडून आलेला असतो, म्हणजे आपला मुख्यमंत्रीच समजा.) मी तेव्हा एका हॉटेलात रात्रीची भांडी घासायचं काम करायचे. चार जुलैला रात्री घरी गेले तेव्हा केसांना, स्वेटरला, अगदी पुस्तकांच्या पिशवीला वास होता, आणि पुढच्या आठवड्यात नव्हता. एवढंच मला ठाऊक. एका कायद्याला पंचवीस वर्षं लागली, आणि पंचवीस वर्षं तोच माणूस तिथं होता म्हणून तो विषय मेला नाही. पाच वर्षांत जाणारा माणूस असली कामं हातातच घेत नाही हो.

सिनेटचा अध्यक्षही तो बरीच वर्षं होता, १९७९ पासनं पुढं, मधे सत्ता गेली की पायउतार आणि आली की परत. नियम त्याला तोंडपाठ.

आणि २०११. हे जरा सविस्तर लिहिते कारण मी बघितलंय. स्कॉट वॉकर नवीन राज्यपाल झाले होते, त्यांनी विधेयक आणलं की शिक्षक, नर्सा, सरकारी कामगार यांच्या संघटनांनी पगार, पेन्शन, कामाच्या अटी यावर एकत्र वाटाघाटी करायचा हक्क जवळजवळ काढून घ्यायचा. सिनेटमध्ये रिपब्लिकन १९, डेमोक्रॅट १४. बहुमत त्यांचंच. पण पैशाशी संबंधित विधेयकाला सभागृहात २० जण हजर लागतात, म्हणजे त्यांना एक कमी पडत होता. १७ फेब्रुवारीला चौदाच्या चौदा डेमोक्रॅट सिनेटर राज्याची हद्द ओलांडून शेजारच्या इलिनॉयमध्ये गेले, कारण विस्कॉन्सिनचे पोलीस तिथनं त्यांना उचलून आणू शकत नव्हते. त्या चौदांत ८३ वर्षांचा रिसर होता. जवळजवळ साडेतीन आठवडे ते घराबाहेर होते.

इकडं मॅडिसनमध्ये लोकांनी विधानभवनच व्यापलं. बाहेर बर्फ, तळी गोठलेली, आणि आत घुमटाखालच्या संगमरवरी फरशीवर माणसं गाद्या, पांघरुणं टाकून झोपलेली. ढोल रात्रंदिवस. जवळच्या पिझ्झाच्या दुकानात जगभरातनं फोन यायचे, लांबच्या देशातली माणसं पैसे भरायची आणि म्हणायची आत बसलेल्यांना खायला द्या. मीही खाल्लाय तो पिझ्झा. शेवटी ९ मार्चला रिपब्लिकनांनी विधेयकातला पैशाचा भाग काढून टाकला, म्हणजे २० जणांची अट उरली नाही, आणि १८ विरुद्ध १ नं मंजूर करून घेतलं. तो एक त्यांच्याच पक्षाचा होता, आणि त्याची जागा त्यामुळं गेली नाही. १२ मार्चला चौदा जण परत आले त्या दिवशी शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आणले होते, विधानभवनाभोवती ट्रॅक्टरची रांग, आणि मला एकदम ऊसदराचं आंदोलन आठवलं, घसा दाटून आला माझा.

म्हणजे हरलेच ते. कायदा झालाच. पण आजोबांना काय केलं म्हणून सांगायचं तर हेही सांगा.

आटपाडीचे_गुरुजी

ताईंनी फार चांगलं लिहिलंय. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, आटपाडी तालुका. दोन गोष्टी बोलतो.

एक म्हणजे ते राज्याबाहेर जाण्याचं. वाचणाऱ्या कुणाच्याही डोक्यात लगेच आपल्याकडची २०२२ ची गुवाहाटी येणार, कारण आमदार उठून दुसऱ्या राज्यात जाऊन राहिले एवढं वरवर सारखं दिसतं. पण फरक समजून घ्या. तिथले चौदा जण होते त्या पक्षात राहून, सत्ता नसताना, एका विधेयकाचं मतदान अडवायला गेले, आणि परत आले तेव्हा हातात काही नव्हतं. आणि ज्यांच्यासाठी गेले ते शिक्षक होते, नर्सा होत्या. मार्च २०२३ ला जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला तेव्हा मी निवृत्त असूनही रोज तहसील कचेरीसमोर जाऊन बसत होतो, माझ्या शाळेतल्या पोरांना, म्हणजे २००५ नंतर लागलेल्या शिक्षकांना, ती पेन्शन नाही. तेव्हा कुणी एक आमदार उठून आमच्या मांडवात येऊन दिवसभर बसला असता तर काय वाटलं असतं हे मी शब्दांत सांगू शकत नाही.

दुसरं, आजोबांना सांगायला लांब कशाला जायचं, आमच्या शेजारी सांगोला आहे. आटपाडीपासनं तासाभराचीही वाट नाही. गणपतराव देशमुख, शेतकरी कामगार पक्ष, १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले आणि एकाच मतदारसंघातनं ११ वेळा आमदार झाले. जिल्हा सोलापूर असला तरी माणदेश एकच की आपला, दुष्काळ एकच. १९७८ ला आणि १९९९ ला मंत्रीही झाले, बाकी बहुतेक काळ विरोधी बाकावर. एसटीनं फिरणारा आमदार म्हणून अख्ख्या महाराष्ट्राला माहीत. मी स्वतः सांगोल्याच्या स्टँडवर त्यांना पांढऱ्या धोतरात गाडीची वाट बघत उभं राहिलेलं बघितलंय आणि भोवती काही गर्दी नव्हती, एक म्हातारी पिशवी पायाशी ठेवून त्यांच्याशी चाऱ्याबद्दल बोलत होती. टेंभूचं पाणी, म्हैसाळचं पाणी आमच्या दुष्काळी पट्ट्याला मिळावं यासाठी त्यांनी सभागृहात किती वेळा तोंड उघडलं असेल! डाळिंब, सूतगिरणी, सगळं त्याच कामातलं.

पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. गणपतराव दोनदा पडले. १९७२ ला आणि १९९५ ला. लोकांनी घरी बसवलं आणि परत आणलं. १९७२ म्हणजे तर दुष्काळाचं साल. पडल्यावर माणूस परत गावोगाव फिरतो, ऐकून घेतो. ताई, रिसर एकदाही पडला नाही म्हणता, मग त्याच्यासमोर कुणी तगडं उभंच राहत नव्हतं का? तसं असेल तर ६४ हा आकडा ऐकायला मोठा पण त्यातली किती वर्षं खरी लढून मिळाली हे विचारायला पाहिजे. आमच्याकडं ११ वेळा म्हणजे ११ वेळा घाम गाळून.

वारसाचंही सांगतो म्हणजे सगळं पुरं होईल. २०१९ ला गणपतराव वयामुळं थांबले, एक नातू उभा राहिला आणि हजाराच्या आत मतांनी पडला. जुलै २०२१ ला साहेब गेले. २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब निवडून आले.

मेंडोटाकाठची

गुरुजी, तुमचा मुद्दा बरोबर आहे, मी तो टाळणार नाही. मॅडिसन हा डेमोक्रॅटांचा पक्का बालेकिल्ला, विद्यापीठ इथं, सरकारी कचेऱ्या इथं. नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीत काही वेळा समोर कुणी उभंच नसायचं. त्यात दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर मतदारसंघाच्या हद्दी आखल्या जातात आणि ते काम विधिमंडळच करतं, सत्ताधारी पक्ष विरोधकांची मतं एकाच ठिकाणी कोंबतो म्हणजे बाकीच्या जागा त्याला मोकळ्या. २०११ नंतर इथं तेच झालं. अशा कोंबलेल्या जागेवरचा माणूस आयुष्यभर सुरक्षित, पण त्याचा पक्ष सभागृहात कायम अल्पमतात. रिसरची शेवटची दहा वर्षं, २०१२ चे काही महिने सोडले तर, विरोधी बाकावरच गेली.

म्हणून त्याची परीक्षा नोव्हेंबरात नव्हती, ती रोजची होती असं मी म्हणेन. सिनेटच्या एका मतदारसंघात इथं पावणेदोन लाखांच्या आसपास लोक, म्हणजे आपल्या आमदाराच्या निम्म्याहूनही कमी. शनिवारी सकाळी विधानभवनाच्या चारी बाजूंनी शेतकऱ्यांचा बाजार भरतो, चीज, मध, कांद्याची पात, आणि अख्खं गाव त्याला वळसा घालत फिरतं, गंमत म्हणजे सगळे एकाच दिशेनं, घड्याळाच्या काट्याच्या उलट. त्या बाजारात तोंड लपवून फिरता येत नाही. रिसर सायकलवेडा, म्हातारपणीही सायकल सोडली नाही, काचा वर केलेल्या गाडीतला माणूस नव्हता तो.

वॉशिंग्टनला का गेला नाही याचं एक कारण मला असं दिसतं, की इथं राज्याच्या हातात खूप काही असतं. शाळा, विद्यापीठ, तुरुंग, दारू, सिगरेट, कामगारांचे कायदे, सगळं राज्याचं. पगार वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या वर, म्हणजे इथल्या हिशोबानं मध्यमवर्गीयच. माणसाला एका गावाचं काम करायचं असेल तर ह्या जागेवर ते होतं.

आणि १६ राज्यांत कायदाच आहे की आमदारानं अमुक वर्षांच्या वर राहायचं नाही, कॅलिफोर्नियात एकूण १२ वर्षं. ती लाट १९९० पासनं सुरू झाली. विस्कॉन्सिनमध्ये तसा कायदा नाही. त्या राज्यांतली तक्रार काय, तर आमदार सारखे नवे, त्यांना नियम कळेपर्यंत जायची वेळ येते, मग खरी सत्ता जुन्या अधिकाऱ्यांच्या आणि कंपन्यांच्या दलालांच्या हातात जाते, कारण त्यांना मुदत नसते.

विट्याची_लेक

मेंडोटाताई, गुरुजी, तुमच्या दोघांच्या मताला मान आहे पण मला बोलायचंय, आणि रागानं नाही बोलत, पोटतिडकीनं बोलतेय.

मी खानापूर तालुक्यातल्या एका गावची माजी सरपंच. गावाचं नाव नको. महिला राखीव निघालं म्हणून उभी राहिले, निवडून आले. पहिली दोन वर्षं मला कागद कळायला गेली, ग्रामसेवकाला विचारलं की उत्तर सासऱ्यांना मिळायचं. तिसऱ्या वर्षी मी पाण्याच्या टाकीचं काम हातात घेतलं, वाडीवरच्या बायका दीड किलोमीटरवरनं हंडे आणायच्या म्हणून. मोजमापं, तांत्रिक मंजुरी, कंत्राटदार, बिल अडकलं, परत चकरा. टाकी पुरी झाली तेव्हा माझी मुदत संपायला चार महिने उरलेले. वाडीपर्यंतची पाइपलाइन तेवढी राहिली. पुढच्या वेळी आरक्षण फिरलं, सरपंचपद खुलं झालं, आणि घरातले, गावातले सगळे म्हणाले, आता कशाला, तुझं झालं की. पॅनेलवाल्यांनी माझ्या जागी दुसरं नाव टाकलं आणि मला साधं विचारलंही नाही.

आज निम्म्या जागा आम्हाला आहेत आणि त्या आरक्षणामुळंच मी खुर्चीवर बसले, हे मी कधीच विसरणार नाही. पण ते फिरत राहतं आणि बाई पाच वर्षांत बाहेर. शिकून तयार झाली की घरी. सिगरेटच्या कायद्याला पंचवीस वर्षं लागली आणि तोच माणूस तिथं होता म्हणून तो झाला असं ताई म्हणतात, मला ते वाचून भरून आलं, कारण मला दहाच वर्षं मिळाली असती तरी ती पाइपलाइन झाली असती. लांब कारकीर्द वाईट नाहीच. पण ती कुणाच्या वाट्याला येते? त्या ६४ वर्षांत मॅडिसनमध्ये किती हुशार बायका असतील, विद्यापीठाचं गाव आहे, त्यांनी कुठं उभं राहायचं होतं? जागा रिकामी झाल्यावर काय झालं ते सांगा ना ताई.

मेंडोटाकाठची

विटेकर ताई, खरंय तुमचं. मार्च २०२० ला रिसरनं जाहीर केलं की आता उभा राहणार नाही, आणि त्याच्या पक्षातनं त्या एका जागेसाठी सात जण पुढं आले. सात! त्यांत बऱ्याच बायका होत्या, कृष्णवर्णीय उमेदवार होते, तरुण मुली होत्या. म्हणजे ही माणसं आधीपासनं इथंच होती, दार बंद होतं म्हणून दिसत नव्हती. ऑगस्टच्या प्रायमरीत केल्डा रॉईस जिंकल्या आणि नोव्हेंबरात सिनेटर झाल्या. त्या आधी असेंब्लीत होत्या, २०१८ ला राज्यपालपदाच्या उमेदवारीसाठीही लढल्या होत्या.

मी रिसरचं कौतुक केलं ते मागे घेत नाही. पण तुमचं वाचल्यावर असं वाटतं की तो अजून दहा-पंधरा वर्षं आधी थांबला असता तर बरं झालं असतं. २०११ नंतर थांबला असता तरी चाललं असतं.

आटपाडीचे_गुरुजी

विटेकर ताई, तुमच्या पाइपलाइनीचं काय झालं ते लिहा. प्रस्ताव नव्यानं करायचा असेल तर माझा एक विद्यार्थी पाणीपुरवठ्याच्या खात्यात उपअभियंता आहे, इथं नाव लिहीत नाही, मला निरोप पाठवा. अंदाजपत्रक कसं करायचं तेवढं तरी तो नीट सांगेल.

भिलवडीकर_९४

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सगळं आजोबांना वाचून दाखवलं, पाऊण तास लागला. ट्रॅक्टरचा भाग दोनदा वाचायला लावला. चार पिढ्या चार पक्ष म्हणल्यावर म्हणाले, असं असंल तर चालतंय. गणपतरावांचं नाव आल्यावर हात जोडले. सिगरेटचं ऐकून गप्प बसले बराच वेळ. आमचा थोरला चुलता बिडीनंच गेला, घशाचा कॅन्सर, आणि तेव्हा घरात, एसटीत, दवाखान्याच्या पायरीवर सगळीकडं माणसं ओढत बसलेली असायची, कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही.

विटेकर ताईंचं वाचताना त्यांनी मधेच थांबवलं. म्हणाले, ह्या पोरीला विचार, टाकी भरती का रोज.

विट्याची_लेक

भाऊ, आजोबांना सांगा, भरते. सकाळी सहाला मोटर सुरू होते आणि आठपर्यंत भरते. वाडीवरच्या बायका आता दीड किलोमीटर जात नाहीत, टाकीच्या खाली मी तेव्हा चार तोट्या बसवून घेतल्या होत्या तिथनं नेतात. त्यातली एक गळते. गुरुजी, तुम्हाला निरोप पाठवलाय.